पाच जानेवारी, पहाटे पाच वीस

१

त्या सोमवारी सकाळी अकरा वाजता काकूंना त्यांच्या नवऱ्याचा आवाज ऐकायला मिळणार होता. काका जाऊन दोन महिने झाले होते. काकू दहा मिनिटं आधीच येऊन ध्वनिमुद्रणाच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसल्या, पांढरी काठी दुमडून मांडीवर ठेवली आणि वाट बघू लागल्या. साडेअकराला ग्रंथपाल बाहेर आले, खाकरले आणि म्हणाले, "काकू, वाईट बातमी आहे. कॉम्प्युटरची डिस्क गेली. आतलं सगळं गेलं."

"गेलं म्हणजे कुठे गेलं?" काकूंनी विचारलं.

बाहेरून बोलावलेल्या मेकॅनिकने पंधरा मिनिटं खटपट करून "ही आता भंगारात" असं सांगितलं होतं, तेवढंच ग्रंथपालांना माहीत होतं.

काका अंधांसाठीच्या बोलक्या पुस्तकांच्या ग्रंथालयात चाळीस वर्षं वाचक होते. काकू जन्मांध. लग्नाआधी त्या या ग्रंथालयाच्या साध्या सभासद होत्या आणि या माणसाने वाचलेली पुस्तकं सोडून दुसरं काही मागतच नसत. शेवटचं वर्ष काकांनी एका जाडजूड कादंबरीवर घालवलं आणि ती अर्धी असतानाच पाच दिवसांच्या तापात ते गेले. पुस्तक पुरं झालं की मगच त्याची काटछाट होऊन प्रत निघे, त्यामुळे हे कच्चं ध्वनिमुद्रण त्या एका कॉम्प्युटरवरच होतं. त्यात काकांच्या चुका होत्या, खोकला होता, पान उलटल्याचा आवाज होता, मध्येच प्यालेलं घोटभर पाणी होतं. काकूंना तेच हवं होतं. छान कापून-शिवून तयार केलेला आवाज शेकडो लोकांच्या घरी होता. पाणी पिणारा माणूस फक्त त्यांचा होता.

गुरुवारी दुपारी काकू एकट्याच दोन मजले चढून बोर्डवालीच्या दुकानात आल्या.

बोर्डवाली म्हणजे बंद पडलेले मदरबोर्ड जिवंत करणारी बाई. वय चाळिशीच्या आसपास, कपाळावर भिंग, हातात कथील वितळवून जोड लावणारी सोल्डरिंगची कावी. तिचे डोळे आणि हात दिवसभर गुंतलेले असत, कान मात्र रिकामे. आईची नजर गेली तेव्हा तिने आईच्या नावाने ग्रंथालयातून बोलकी पुस्तकं आणायला सुरुवात केली. आई गेल्यावरही ती आणतच राहिली. चौदा वर्षं काकांचा आवाज या दुकानात धुराच्या वासात मिसळून राहिला होता. त्यांना तिने पाहिलं होतं एकदाच, तेही ग्रंथालयाच्या जिन्यात; काकूंशी तिची ओळख तिथेच झाली होती.

"बस म्हणू नकोस, मी बसलेच आहे," काकू म्हणाल्या. "डिस्क मेली म्हणतात. मरतातच ना यंत्रं? मीही विश्वास ठेवला असता. पण एक गोष्ट आहे. काकांच्या जुडग्यात पाच किल्ल्या असायच्या. ते गेल्यावर मी हात फिरवला तर चार. ग्रंथालयाची नाही."

बोर्डवालीने कावी स्टँडवर ठेवली.

२

बोर्डवालीला ग्रंथालयात पोचायला सव्वाचार झाले. खोलीत तिघं तिची वाटच बघत होते. ग्रंथपाल. त्यांच्या शेजारी ध्वनिमुद्रक, ज्याच्या गळ्यात सदानकदा हेडफोन लटकलेला असे, म्हणून सगळे त्याला हेडफोनच म्हणत. आणि खिडकीपाशी रेडिओताई, एके काळच्या निवेदिका. काकांची अर्धी कादंबरी पुन्हा पहिल्यापासून वाचायचं काम आता त्यांच्याकडे आलं होतं.

"नवीन कॉम्प्युटर मागून मागून मी थकलो," ग्रंथपाल म्हणाले. "आता तरी मिळेल."

ते हे जरा आनंदानेच म्हणाले, असं बोर्डवालीला वाटलं.

तिने डिस्कला हात लावला नाही. आधी खोका उघडून बोर्डावरची नाण्याएवढी बॅटरी मापकाने तपासली. तीन व्होल्ट. ठणठणीत. मग कॉम्प्युटर सुरू करून ती थेट बोर्डाच्या सेटिंगमध्ये शिरली. पडद्यावर कोपऱ्यात तारीख आणि वेळ होती: पाच जानेवारी, पहाटे पाच वीस. वर्षही भलतंच, चौदा वर्षांपूर्वीचं. तिने मनगटावरच्या घड्याळात पाहिलं. चार चाळीस. हातातल्या कागदावर तिने काहीतरी खरडलं आणि कागद घडी करून खिशात टाकला.

"डिस्क मेलेली नाही," ती म्हणाली.

हेडफोन पुढे सरसावला. "पण सुरूच होत नाही! निळा पडदा येतो आणि बंद पडतं."

"हा कॉम्प्युटर जुन्या पद्धतीवर लावलेला होता का?"

"हो. मीच लावला होता. आपली मुद्रणाची प्रणाली जुनी आहे, तिला नवी पद्धत कळत नाही."

"मग तेच झालंय. बोर्डावर चिपसेट असतो, डिस्क आणि बाकीचा कॉम्प्युटर यांच्यातला दुभाषा म्हणा. त्याला डिस्कशी दोन पद्धतींनी बोलता येतं. तुम्ही त्याला सांगून ठेवलं होतं, जुन्या पद्धतीने बोल. ते तो विसरला आणि कारखान्यातून आला तेव्हाच्या सवयीवर गेला. डिस्क जागच्या जागी आहे, पण दोघांना एकमेकांचं बोलणं कळेना."

तिने एक ओळ बदलली, जपून ठेवली, कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला. अर्ध्या मिनिटात काकांच्या काळातला पडदा जसाच्या तसा समोर आला. हेडफोनने "अरे देवा" म्हणून डोक्याला हात लावला. रेडिओताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. ग्रंथपालांचा चेहरा मात्र बघण्यासारखा झाला.

बोर्डवालीने कच्च्या ध्वनिमुद्रणाचा कप्पा उघडला.

कप्पा रिकामा होता. पुसलेलं परत काढायची हत्यारं तिच्याकडे होती. तिने ती चालवून पाहिली. काकांचा आवाज जिथे असायला हवा होता तिथे नुसती शून्यं होती, ओळीने, एकसारखी. यंत्र बिघडलं की भोकं पडतात, अशी रांगोळी पडत नाही.

"हा बिघाड नाही," ती म्हणाली. "कोणीतरी हे मुद्दाम पुसलंय."

३

शुक्रवारी तिने तिघांना एकेकटं गाठलं.

ग्रंथपाल टेबलावरचे कागद उगाचच सारखे करत होते. "शनिवारी सहापर्यंत मी इथेच होतो. रविवारी बहिणीच्या नव्या घरात कपाटं चढवत होतो, सकाळी आठपासून. पाठ अजून दुखतेय. हो, नवीन कॉम्प्युटर मला हवा होता. पण त्यासाठी मी काकांचा आवाज पुसेन?"

"बोर्डाच्या सेटिंगला पासवर्ड होता ना? तो कोणाला माहीत?"

"हेडफोनला. आणि माझ्याकडे लिहून ठेवलेला." त्यांनी खणातून पाकीट काढलं. तोंडाला लावलेली लाख शाबूत होती.

हेडफोन चहाच्या कपाशी खेळत बोलला. "आमचं भांडण झालं होतं, लपवत नाही. ते म्हणायचे, माझे थांबे कापू नकोस, वाक्य संपल्यावर माणूस विचार करतो. मी म्हणायचो, काका, तुमचा विचार ऐकायला कोणाकडे वेळ आहे? आता वाटतं, एक थांबा जरी मिळाला..." त्याने कप खाली ठेवला.

"डिस्क तपासून नोंद कोण ठेवतं?"

"मीच. दर शुक्रवारी बंद करताना. शनिवारी या खोलीत काम नसतं." त्याने वही पुढे केली. बोर्डवालीने शेवटची ओळ पाहून घेतली.

"आणखी काही? यंत्राबद्दल नको, खोलीबद्दल सांग."

हेडफोनने दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली केला. "कोणाला सांगितलं नाही मी. गेलं वर्षभर दर सोमवारी मला माईक फिरवलेला मिळायचा. एकटा माणूस वाचताना तोंडासमोर ठेवतो तसा नाही. दोघं समोरासमोर बसले की मध्ये ठेवतात तसा. दुसरं स्टूलही ओढलेलं असायचं. काका रविवारी येतात हे माहीत होतं. बरोबर कोण, ते मी विचारलं नाही. चांगल्या माणसाला कशाला अडचणीत टाका?"

"तुला कोण वाटलं?"

हेडफोन खिडकीबाहेर बघू लागला. पुस्तकांच्या पलीकडच्या खोलीतून रेडिओताईंच्या वाचनाचा आवाज येत होता.

रेडिओताई मात्र सरळ बोलल्या. "लोक काय म्हणतात ते मला माहीत आहे. मी त्यांच्या आवाजावर जीव टाकला होता, खरं आहे. आवाजावर. या रविवारी मी नेत्र रुग्णालयात वाचत होते, दहा ते बारा, तीस रुग्णांसमोर. विचारा कोणालाही. आणि एक सांगते, ती कादंबरी पुन्हा वाचायची मला अजिबात इच्छा नाही. त्यांच्यानंतर माझं वाचन म्हणजे जेवण झाल्यावर ताट खरवडल्यासारखं वाटेल."

बोर्डवाली निघाली तेव्हा त्यांनी मागून हाक मारली. "काकूंना माझ्याबद्दल काही वाटत नाही ना?"

तिने मागे वळून पाहिलं आणि ती निघाली. काकूंना नेमकं काय वाटतं, हे तिला तोपर्यंत माहीत नव्हतं.

४

संध्याकाळी पाचला ती काकूंकडे गेली. दोन खोल्या, सगळं जागच्या जागी. खुर्ची कधी तसूभरही सरकत नाही असं घर. काकूंनी चहाचं आधण ठेवलं.

"सांग," त्या म्हणाल्या. "माझ्या डोक्याला झेपेल असं सांग."

"बोर्डावर एक घड्याळ असतं, काकू. कॉम्प्युटर बंद असला तरी नाण्याएवढ्या बॅटरीवर ते चालू राहतं. बॅटरी काढली की ते सगळं विसरतं. परत बसवून कॉम्प्युटर सुरू केला की ते ठरलेल्या तारखेपासून नव्याने मोजायला लागतं, एक जानेवारी, रात्रीचे बारा. मी पाहिलं तेव्हा पाच जानेवारीचे पहाटे पाच वीस झाले होते. म्हणजे चार दिवस, पाच तास, वीस मिनिटं. गुरुवारच्या चार चाळीसमधून तेवढे मागे गेलं की येतो रविवार, सकाळचे अकरा वीस."

काकू गॅसपाशी निश्चल उभ्या राहिल्या. "रविवार."

"बॅटरी धडधाकट होती, म्हणजे ती कोणीतरी काढली. कशाला? पासवर्ड पुसायला. त्याशिवाय बाहेरची प्रणाली लावून कॉम्प्युटर चालवता आला नसता. आता हेडफोनला पासवर्ड पाठ आहे, ग्रंथपालांच्या पाकिटात आहे. त्यांनी बॅटरी कशाला काढावी? शिवाय हेडफोन असता तर त्याने डिस्कची पद्धतही परत जुन्यावर लावून ठेवली असती. रेडिओताई त्या वेळी रुग्णालयात होत्या."

"या रविवारी," काकू म्हणाल्या. चहा उतू जाईल असं वाटलं तोच त्यांनी आवाजावरून ओळखून गॅस बंद केला. "या रविवारचं सांगतेस तू. मागच्या वर्षभरातल्या रविवारांचं काय? 'आज एकट्याने वाचतो' म्हणून ते जायचे. मी कान आहे, पोरी. माणूस एकट्याने वाचून आलेला असला की त्याचा आवाज दमलेला असतो. ते रविवारी ताजेतवाने यायचे. कोणाशी तरी पोटभर बोलून आल्यासारखे. माझ्याशी बोलायला घसा दुखायचा त्यांचा." त्यांनी गाळणं शोधून कपावर ठेवलं. "मी कधी विचारलं नाही. आता वाटतं, त्या कच्च्या आवाजात तेच ऐकायला मी जाणार होते."

बोर्डवालीने खिशातला कागद काढला. ती म्हणाली, "अजून एक आहे. डिस्क स्वतःचे तास स्वतः मोजते. भिंतीवरचं घड्याळ फिरवा, बोर्डावरचं पुसा, तिचा आकडा मागे जात नाही. गेल्या शुक्रवारी वहीत एकवीस हजार चारशे सहा. मला दिसले चारशे अकरा. सोमवारची आणि माझी खटपट धरून एक तास काढला, तरी रविवारी ती चार तास चालली. नक्कल करून जागा पुसायला तास पुरे. उरलेले तीन तास तो माणूस तिथे काय करत होता?"

काकूंचे हात थांबले.

"ऐकत होता, काकू. जो तीन तास बसून ऐकतो, त्याचं त्या आवाजाशी वैर नसतं."

साखर घ्यायला काकूंनी डबा ओढला. स्टीलचे नव्हेत, जुने पत्र्याचे डबे होते. झाकणावर बोटाने चाचपायला उंचवटे होते: मिठाला एक ठिपका, साखरेला दोन, चहाला तीन. चंदेरी, गोल, एकसारखे. बोर्डवाली पुढे वाकली. असे थेंब ती रोज शेकड्यांनी टाकत असे.

"हे ठिपके सोल्डरचे आहेत," ती म्हणाली. "कोणी केले?"

काकूंनी साखरेचं झाकण लावलं, पुन्हा काढलं, पुन्हा लावलं.

"लेकीने. चौदा वर्षांची होती." मग डबा मागे सरकवत, "तिचं नाव या घरात निघत नाही. तेही काढायचे नाहीत."

बोर्डवालीला बॅटरीची खाच आठवली. घाईत काढली की तिथली पत्र्याची जीभ वाकते, ओरखडा पडतो. इथे काहीच नव्हतं. तो हात बोर्डांवरच वाढलेला होता.

"कुठे असते ती?"

"जिथे हेच बोर्ड बनतात, तिथे. मला डोळे नव्हते, तीच माझे डोळे होती. भाजी तिच्या डोळ्यांनी, पत्रं तिच्या डोळ्यांनी, रस्ता तिच्या डोळ्यांनी. तेविसाव्या वर्षी म्हणाली, नोकरी लागली, जाते. मी म्हटलं, गेलीस तर घराचा पत्ता विसर. मला वाटलं राहील." काकूंनी चहाचा कप अचूक तिच्या हाताशी ठेवला. "आठ वर्षं झाली. पत्ता फार नीट विसरली."

बोर्डवालीने चहा संपवला आणि एवढंच म्हणाली, "मला रविवारपर्यंत वेळ द्या."

५

रविवारी सकाळी दहा वाजता ती ग्रंथपालांकडून किल्ली घेऊन ध्वनिमुद्रणाच्या खोलीत जाऊन बसली. तिचा हिशेब साधा होता. वर्षभर दर रविवारी याच वेळेला इथे येणारं माणूस, ज्याच्यासाठी यायचं तो गेल्यावरही येतं. दोन महिन्यांनी आलंच होतं की.

भिंतींना आवाज शोषणारा जाड कापूस लावलेला. आत बसलं की स्वतःचा श्वास ऐकू येई. टेबलावर काकांचा पाण्याचा पेला उपडा ठेवलेला होता. चौदा वर्षं ज्या आवाजाबरोबर आपण जगलो तो इथून निघत होता, हे मनात येऊन बोर्डवालीने नकळत टेबलावर हात ठेवला. लाकूड थंडगार होतं.

अकराला पाच कमी असताना बाहेरचं कुलूप वाजलं.

आत आली ती तिशीतली मुलगी. खांद्याला पिशवी, पायात प्रवासाची धूळ. दार उघडून ती दोन पावलं आली आणि खुर्चीतल्या बाईला बघून जागीच थिजली.

"घाबरू नको," बोर्डवाली म्हणाली. "मी बोर्ड दुरुस्त करते. बॅटरी सुंदर काढलीस. ओरखडासुद्धा नाही. फक्त कॉम्प्युटर जुन्या पद्धतीवर लावलेला होता, तो बंदच पडला."

मुलगी पळाली नाही. दुसरं स्टूल ओढून खाली बसली.

"परत ठेवायला आले होते," तिने पिशवीतून छोटी डिस्क काढली. "सगळं पुस्तक आहे यात. बाबांचं एक अक्षर गाळलेलं नाही."

"मग काय गाळलंस?"

"मला."

मग ती बोलत गेली. गेल्या वर्षी बाबांनी कारखान्यात फोन केला होता. रविवारी सकाळच्या गाडीने ती येई, अकरा ते एक इथे बसे, दुपारच्या गाडीने परत जाई. किल्लीही त्यांनीच दिली, जिन्यात उभं राहावं लागू नये म्हणून. आणि ते मुद्रण चालूच ठेवत. "मी म्हणायचे, बंद करा की. तर म्हणायचे, असू दे, आवाजाची पातळी तपासतोय. रोज तपासायची असते का पातळी? घरी त्यांचं बोलणं कधी ऐकलं नव्हतं मी इतकं. घसा राखायचा, घसा राखायचा. इथे दोन तास नुसते बोलायचे. आणि उठताना दर वेळी म्हणायचे, 'पुढच्या आठवड्यात तुझ्या आईला सांगतो. मला सांगू दे, तू नको.'"

"सांगितलं नाही."

"नाही. मला त्यांचा आवाज हवा होता फक्त, म्हणून त्या रविवारी आले. कॉम्प्युटरने पासवर्ड मागितला म्हणून बॅटरी काढली. ऐकत बसले. निघायला उठले तेव्हा पडद्याच्या कडेला हेडफोनची चिठ्ठी दिसली: सोमवारी अकरा वाजता काकूंना कच्चं मुद्रण ऐकवणे. मला घामच फुटला. आईने ऐकलं असतं की बाबा वर्षभर तिच्याशी खोटं बोलत होते. ते आता नाहीत, सावरून घ्यायला तोंड नाही त्यांना. म्हणून सगळं उचललं. आठवडाभर कामावरून आल्यावर आमचं बोलणं कापत बसले. कॉम्प्युटर बंद पडेल हे मला माहीत नव्हतं, ताई. जुन्या पद्धतीवर लावलाय हे कोणाच्या डोक्यात येणार?"

"कापलेलं फेकलंस?"

मुलीने पिशवी छातीशी धरली. "ते कसं फेकू?"

बोर्डवाली म्हणाली, "आता माझं ऐक. तुझ्या आईला वाटतंय, रविवारी ते दुसऱ्या बाईला भेटायला येत होते. पोटभर बोलून आल्याचा वास तिला येत होता. तू त्यांचं एक खोटं लपवलंस आणि तिच्या पदरात त्याहून मोठं खोटं टाकलंस."

मुलीच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. तिने डिस्क पिशवीत टाकली आणि उभी राहिली.

"आई या वेळी घरी असते ना?" ती म्हणाली. तोपर्यंत ती दारापाशी पोचलीही होती.

६

काकूंनी दार उघडलं आणि हवेत मान किंचित कलती केली.

"बोर्डवाली, बरोबर कोण आहे? पावलं दोघींची वाजली."

मुलगी उंबऱ्याबाहेर उभी होती. तोंड उघडत होती, मिटत होती. शेवटी म्हणाली, "मी."

काकूंचा हात दाराच्या कडेवर होता, तो तिथेच राहिला. खालच्या रस्त्यावरून एक सायकल घंटी वाजवत गेली.

"आवाज बसलाय तुझा," काकू म्हणाल्या.

"दिवसभर एसीत असते. कारखाना थंड ठेवतात, बोर्डांसाठी."

"आणि माणसांचं काय?" काकू दारातून बाजूला झाल्या. "आत ये. खुर्ची होती तिथेच आहे."

मुलीने उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. फोन, किल्ली, रविवार, बॅटरी, शून्यं. काहीही सोडलं नाही. काकूंचा चेहरा कठीण होत गेला. "म्हणजे तुम्हा दोघांनी ठरवलं की मला सोसणार नाही," त्या म्हणाल्या. "मी आंधळी आहे, काचेची नाही. वर्षभर मी त्या बिचाऱ्या रेडिओवाल्या बाईला मनातल्या मनात शिव्या घातल्या. तिची माफी मला मागावी लागेल, तुम्हाला नाही." आवाज चढला तशा त्या थांबल्या, खाली बसल्या. "लाव. कापलेलं लाव."

मुलीने पिशवीतून लॅपटॉप काढून त्याला दुसरी डिस्क जोडली. थोडी खरखर झाली, आणि मग काका खोलीत आले. आधी घोटभर पाणी प्याले. पेला टेबलावर ठेवला.

"चहा हवा होता गं आत्ता," काका म्हणाले. मुलगी त्यात हसली. काका पुढे म्हणाले, "काल सांगणारच होतो तिला. भाजी निवडत होती, जवळ जाऊन बसलो. ती म्हणाली, काय हवंय? मी म्हटलं, काही नाही. उठलो. मला वाटतं, तिच्याही जिभेवर तुझं नाव असतं. दोघंही गिळतो. पुढच्या आठवड्यात नक्की सांगतो."

बोर्डवाली भिंतीकडे वळली. तिच्या ओळखीचा आवाज होता हा, पण एवढा मऊ तिने कुठल्याच पुस्तकात ऐकला नव्हता.

"भित्रा," काकू म्हणाल्या. त्या रडत होत्या आणि हसतही होत्या. "भाजी निवडताना आले होते. मला आठवतंय. मी म्हटलं होतं, काय हवंय. अशा तुसड्यासारखं का म्हटलं असेन मी?"

टेबलावरून काका बोलतच होते. काकूंनी हात पुढे केला, मुलीचं मनगट सापडलं, ते घट्ट धरलं.

"बंद कर."

"आई, अजून खूप आहे. पन्नास रविवार आहेत."

"असू देत. ते आता कुठे जात नाहीत. त्यांचं ऐकायला मला रोज वेळ आहे. तू आठ वर्षांत काय केलंस ते सांग. कुठे राहतेस, घरात उजेड येतो का, स्वयंपाक कोण करतं, सगळं."

मुलीने आवाज बंद केला. बोर्डवालीने पायांत चपला सरकवल्या.

"तू कुठे निघालीस?" काकू म्हणाल्या. "बस. हिच्या कामातलं मला काही कळायचं नाही. ही थापा मारायला लागली तर तू सांग."

बोर्डवाली परत येऊन बसली. मुलीने ओढणीने नाक पुसलं, कुठून सुरुवात करावी ते तिला कळेना.

"पहिल्या दिवशी मला उशीर झाला," ती म्हणाली. "बस चुकली."

"कितीची होती?" काकूंनी विचारलं आणि खुर्ची तिच्या जवळ ओढली.